सिनेमातली दोरी

त्या सिनेमात समुद्र आटून गेलेला होता. जिथे पाणी असायचं तिथे नुसतं मीठ, आणि ते खरवडणारी माणसं. त्या मिठावर लांब कुठल्याशा शहरातले दिवे लागत. माणसं जोडीने कामाला जात. दोघांच्या कमरेला मिळून एक दोरी आणि दोघांना मिळून एक नंबर. एकजण पडला की दोरी कापायची आणि उरलेल्याच्या नंबरापुढे 'अर्धा' असं लिहायचं. त्याला मग पाणीही अर्धंच.

मी मागे स्टोव्हपाशी बसून बघत होते. चहाचं आधण ठेवायची वेळ झाली तरी उठले नाही.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला एका वाचनालयात मी झाडलोट करते, पाणी भरते, चहा करते. रविवारी दुपारी वरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवतात आणि नंतर त्यावर बोलतात. कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर हे चालवतात. त्यांना पुढच्या काळातले, विज्ञानाचे सिनेमे आवडतात. त्यांचं म्हणणं, उद्याची गोष्ट म्हणून सांगितली की आजचं राजकारण बोलता येतं आणि कुणी अंगावर येत नाही. पण अंगावर येतातच. सिनेमा संपून पंखे सुरू व्हायच्या आत वाद पेटलेला असतो. दिग्दर्शक कोणत्या पक्षाचा, यंत्रमाणूस म्हणजे कोण, आकाशातून उतरलेले ते लोक म्हणजे कोण. एकदा त्या आकाशातल्या लोकांवरून एक वकील म्हणाले की हे बाहेरून येऊन आपल्या जमिनी बळकावणारे आहेत, आणि सर म्हणाले की उलट, हे बिचारे घरातून हाकललेले आहेत. दोघे इतके तापले की चहा तसाच गार झाला. मी तो परत गरम करून दिला, तेव्हाही त्यांचं चालूच होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, सावकाश. सिनेमे हिंदीत असतात म्हणून गोष्ट कळते, वाद मात्र निम्माच कळतो. तरी ऐकायला मला बरं वाटायचं. चांगल्या कपड्यातली माणसं हिरव्या तोंडाच्या लोकांवरून भांडतात, याची गंमत वाटायची. त्या भांडणात माझं काही जात नव्हतं, म्हणून.

माझी मुलगी श्रीरामपूरला कॉलेजात जाते. एका रविवारी ती माझ्या सोबतीला म्हणून आली आणि मग येतच राहिली. ती माझ्यावर गेली नाही. मी चार माणसांत पाणी प्यायलाही लाजते. ती दुसऱ्याच रविवारी उठून बोलली. सर म्हणाले, मुलीला मुद्दा मांडता येतो. तिला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. ती पुढे, मी मागे स्टोव्हपाशी. जाताना ती मला वाद समजावून सांगायची आणि मी हूं हूं करायची. मला तिचा अभिमान वाटायचा. तो खोटा नव्हता. त्यातला थोडा अजूनही शिल्लक आहे, हेच अवघड आहे.

आम्ही मूळचे नगरकडच्या कर्जतच्या बाजूचे. दसरा झाला की ऊसतोडीला निघायचं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी टोळीत घेत नाही. म्हणून आमच्याकडे दसऱ्याच्या तोंडावर लग्नं उरकतात. माझंही तसंच उरकलं. हळद निघायच्या आत मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फडावर गेले. एक ऊस तोडतो, एक मोळी बांधून डोक्यावर वाहतो. एकाने अंग टाकलं की दुसऱ्याचाही दिवस बुडतो. त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचा दंड असतो.

त्यामुळे पडद्यावर ती दोरी दिसली तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. फक्त वाटलं, हे यांना कुणी सांगितलं?

पुढे त्या सिनेमात बायकांना रांगेत उभं करून त्यांच्या पोटावर निळा उजेड सोडत. त्यानंतर बाईला पाळी नाही, पोर नाही. कामात खंड नाही. मी पदर तोंडाशी धरला. माझ्या पोरीने पुढून एकदा वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सिनेमा संपला. वकील आधी बोलले. त्यांच्या मते हा सगळा डाव्यांचा प्रचार. मालक म्हटला की राक्षस, मजूर म्हटला की देव. ते म्हणाले, जोडीला एक नंबर द्यायचा आणि माणसाला अर्धा लिहायचं, हे कोणत्या राज्यात खपेल? सर म्हणाले, हा इशारा आहे, उद्या असं होऊ नये म्हणून. मग डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या चांगल्या आहेत, माझ्या कमरेला त्यांनी फुकट गोळ्या दिल्या आहेत. त्यांना बाकी सिनेमा पटला, निळा उजेड तेवढा पटला नाही. त्यांनी सांगितलं की बायकांच्या शरीराशी असं सरसकट कुणी करत नसतं, कायदे असतात, डॉक्टर असतात. लोकांना भडकवायला म्हणून ते घातलंय.

माझी मुलगी उठली.

"माझी आई मागं बसलीय," ती म्हणाली. "ऊसतोडीला होती. खाडा पडू नये म्हणून तिला बांधून नेलं आणि तिची पिशवी काढली. तेव्हा ती माझ्याहून थोडीच मोठी होती. निळा उजेड नव्हता, एवढाच फरक."

सगळी डोकी मागे वळली. माझ्या हातात गाळणं होतं. ते कुठे ठेवावं हे मला सुचेना.

मग टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी की तिच्यासाठी, मला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. वकील म्हणाले, हे दुर्दैवी आहे, पण एका उदाहरणावरून दिग्दर्शक निष्पक्ष ठरत नाही. सर म्हणाले, ठरतो. झालं, पुन्हा सुरू. माझी पिशवी दिग्दर्शकाच्या बाजूने धरायची की विरुद्ध, यावर ते पुढचा चहा होईपर्यंत बोलले. मी सगळ्यांना कप दिले. देताना कुणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पोटाकडे बघितलं.

मला बांधून कुणी नेलं नव्हतं. मी माझ्या पायाने चालत गेले.

फडात पाळी आली की आडोसा नसतो. पाणी प्यायचं तेवढंच जेमतेम. तेच कापड दिवसभर, आणि वर डोक्यावर मोळी. माझं पोट दुखायचं, अंगावरून जायचं. टोळीतल्या दोघी-तिघींनी काढून टाकली होती. त्या म्हणाल्या, सुटशील. कारखान्याजवळच्या गावात एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरने पोटावरून एक यंत्र फिरवलं आणि पिशवी खराब आहे म्हणाला, ठेवली तर कॅन्सर होईल. मला एकच लेकरू, तेही मुलगी. सासूने तोंड वाकडं केलं. पोरीच्या बापाने मला पाचटाच्या कोपीबाहेर नेऊन विचारलं, काय करायचं? मी म्हणाले, काढून टाका.

मी भ्याले होते. पण मला बरंही वाटलं होतं. आता दर महिन्याचा तो त्रास नाही, कुणाचं ऐकून घेणं नाही. दवाखान्यात जाताना मी ट्रंकेतली चांगली साडी नेसले होते. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीला फक्त एवढं सांगितलं होतं की तुझ्यानंतर पिशवी काढली, खाडे पडत होते म्हणून. बांधून नेल्याचं तिने तिच्या मनाने घातलं. सिनेमात दोरी होती, तिने ती उचलून माझ्या गोष्टीत आणली.

आणि त्या सिनेमात मालकाला एक डोळा काचेचा होता, बघताक्षणी कळावं की हा वाईट आहे. आमचा मुकादम म्हणजे पोरीच्या बापाचा सख्खा मामा. दवाखान्यात जायला टेम्पो त्यानेच दिला. त्याच्या बायकोने घरून भाकरी पाठवली. पोरीला तो खारी-बिस्किटं आणायचा. त्याचे दोन्ही डोळे चांगले आहेत. मी बरी झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आता आमची सून एकही खाडा करायची नाही. मीही हसले होते.

दोन सीझन खाडा केला नाही. मग कमरेने दगा दिला. हाडं दुखायला लागली, मोळी उचलेना. तेव्हा पोरीच्या बापाने आपल्या विधवा बहिणीला सोबत घेऊन कोयता पुरा केला. अजूनही ती दोघं भाऊ-बहीण जातात. मी पोरीला घेऊन इकडे आले.

त्या रविवारी घरी येताना नदीच्या पुलावर पोरगी म्हणाली, "आई, बघितलंस ना, सगळे कसे गप्प झाले?" मी खाली पाण्याकडे बघत चालत राहिले. तिला वाटलं मला भरून आलंय. तिने माझा हात धरला.

कुणीतरी तिचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे जात जात तिच्या बापाच्या ऊसतोडीच्या तळावर पोचलं. चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. मागे उसाच्या गाड्यांचा आवाज होता. आधी त्याने माझ्या कमरेचं विचारलं.

"सगळ्या तळानं बघितलं," तो म्हणाला. "मामानं बी."

मी म्हणाले, "मी न्हाई सांगितलं तिला असं बोलायला."

"बायका म्हनत्यात, आमचं बी सांग म्हनावं पोरीला. दोघी म्हनल्या. बाकीच्यांनी तोंडं फिरवली." मग तो म्हणाला, "आन गडी मला इचारत्यात, कशानं बांधलं हुतं रं बायकूला? कासऱ्यानं का सोलानं? हसत्यात."

त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. त्या दिवशी कोपीबाहेर विचारणारा तो एकटाच होता. बाकी कुणी मला विचारलंच नव्हतं.

"पोरीला काय बोलू नकू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी बोलले नाही. पण पुढच्या रविवारी सरांना सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं. वाटेने चालताना मनात शब्द जुळवत गेले. मला बांधून नेलं नव्हतं. तिच्या बापाचा यात दोष नाही. मला विचारलं होतं आणि मी हो म्हणाले. एवढंच बोलायचं होतं.

हॉलमध्ये गेले तर पुढे टेबलाला चादर घातलेली, आणि टेबलामागे माझ्यासाठी खुर्ची. मला इतके दिवस तिथे सगळे मावशी म्हणायचे. त्या दिवशी सर म्हणाले, या ताई. मला तिथे बसवलं. सरांनी माझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं. त्यात माझी ओळख लागेल असं थोडंच होतं. मग डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. शाल घालताना त्यांचे डोळे भरले होते. माझा राग त्यांच्यावर नव्हता, पण शालीखाली मला घाम फुटला. सत्कार कशाबद्दल होतो हे मला माहीत आहे. कुणी पोरगी पहिली आली, कुणी पंचायतीत निवडून आली. माझी पिशवी काढली म्हणून मला नारळ मिळाला.

"दोन शब्द बोला, ताई," सर म्हणाले.

मी उभी राहिले. माझी पोरगी पहिल्या रांगेत बसलेली, मोबाईल माझ्याकडे धरून. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि नारळाकडे बघितलं. जुळवलेलं सगळं घशापर्यंत आलं. मी खरं बोलले असते तर तिथे सगळ्यांत आधी ती खोटी पडली असती. आणि मी काही न बोलता बसले तर तिचा बाप खोटा पडणार होता. शंभर डोळे असल्यासारखं वाटलं, माणसं खरं तर थोडीच होती. मी तशीच उभी राहिले.

सर पुढे आले आणि म्हणाले, "ताईंचं मौनच सगळं सांगून गेलं."

टाळ्या वाजल्या. आधीच्या रविवारपेक्षा जोरात.

मी स्टोव्हकडे निघाले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या, आज तुम्ही बसा. चहा दुसऱ्या कुणी केला. दूध उतू गेल्याचा वास हॉलभर झाला. मला पुढच्या रांगेत पोरीशेजारी बसून सिनेमा बघावा लागला. त्यात एका घरी कामाला ठेवलेलं बाईसारखं यंत्र होतं, आणि ते एक दिवस मालकिणीला नाही म्हणतं. नंतर वाद झाला तो त्यावरच, की यंत्राला नाही म्हणायचा हक्क असावा का. वकील म्हणाले, नसावा, मग ते यंत्र कसलं. सर म्हणाले, असावा. माझी मुलगी सरांच्या बाजूने फार छान बोलली.

नगरला वक्तृत्वाची स्पर्धा होती. विषय सिनेमा आणि राजकारण. सरांनी तिचं नाव दिलं. संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहून तयारी करत होती. आटलेला समुद्र, मीठ, निळा उजेड. मग ती म्हणाली, "आणि आता मी तुम्हाला माझ्या आईची गोष्ट सांगते." माझा हात परातीत थांबला.

"माझं वगळून बोल," मी म्हणाले.

ती आरशातूनच माझ्याकडे बघत राहिली. "तुला वगळून माझ्याकडं बोलायला काय उरतं, आई? सिनेमा तर सगळ्यांनीच बघितलेला असतो."

हे ती वाईट मनाने बोलली नाही. म्हणूनच ते लागलं.

मी म्हणाले, "मग खरं तरी बोल. मला कुनी बांधून न्हाई नेलं. मी चालत गेल्ते. तुझ्या बापानं इचारलं, मी व्हय म्हनले. त्याला तिकडं लोक हसत्यात."

ती आली आणि माझ्याजवळ चुलीशी बसली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "पप्पांना मी समजावीन," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण तू आपणहून गेलीस असं सांगितलं ना, तर मुद्दा कमजोर होतो. लोक म्हणतील, मग तक्रार कसली?"

"हाय की तक्रार."

"कुणाबद्दल?"

मला नाव सांगता आलं नाही. मुकादमाचं घेऊ, तर त्याची भाकरी आठवते. डॉक्टरचं घेऊ, तर मीच त्याच्यापुढे हात जोडले होते. कारखान्याला तर मी कधी बघितलंच नाही, नुसतं लांबून धुराडं. तक्रार आहे आणि तिला धरायला कुठे जागा नाही, हे मला तिच्यासारखं मांडता येत नाही. मी भाकरी तव्यावर टाकली. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, मग उठून परत आरशाकडे गेली.

"बरं, बांधून नेलं असं म्हणत नाही," ती तिकडून म्हणाली. "'नेलं' एवढंच म्हणते."

एवढं तिने माझ्यासाठी केलं.

सकाळी थंडी होती. तिच्याकडे स्वेटर नाही असं नाही, पण जुना आहे, चारचौघांत घालायला लाजते. मी तिला सत्काराची शाल दिली. ती तिला शोभली. ती एसटीत बसली आणि मी परत येऊन वाचनालय झाडलं.

ती पहिली आली. चषक पितळी रंगाचा आहे, वर हात उंचावलेली एक बाई. फळीवर देवांच्या शेजारी ठेवलाय. नारळ मी त्याच आठवड्यात फोडला आणि चटणी केली, ती दोघींनी खाल्ली. रविवारी मी अजून जाते. पुढची खुर्ची नको म्हणाले, कंबर दुखते असं सांगितलं. सिनेमा सुरू झाला की बाहेर जिन्यावर जाऊन बसते. तिथे नुसते आवाज येतात. कोण मेलं, कोण जिंकलं, काही कळत नाही. मग आतून खुर्च्या सरकल्या की वाद सुरू झाला असं समजते आणि चहा टाकायला उठते.

पट्टा पडला, तोडीचा हंगाम संपला की तिचा बाप घरी येईल. आल्या आल्या फळीकडे त्याची नजर जाईल. पोरीला बक्षीस कशाचं मिळालं, असं तो विचारील. सिनेमावर बोलली म्हणून, असं सांगायचं मी ठरवलंय. तो पुढे काही विचारणार नाही.